रतनची अडखळ

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध प्यायला गेलो. हंबीररावनं रतन म्हशीखाली धारेला बसून ग्लास भरून दिला, पण वेळ लावला. मागं उभं असलेलं पोरगं "काका, कॉलेज सुटंल आता" म्हणालं, तेव्हा कुठं ग्लास माझ्या हातात आला.

हंबीरराव आणि त्याचा पोरगा सम्राट यांच्या भांडणात मी नेमका सापडलो. गोठ्यातल्या बाकीच्या म्हशी सम्राट सांभाळतो. रतन तेवढी बापाची. सम्राट म्हणतोय, ती पुढच्या पायानं लंगडते, दिवाळीच्या आत वडगावच्या बाजारात घालायची.

"डॉक्टरनं बघितली की. पायात काय न्हाय म्हणाला," हंबीरराव.

"डॉक्टरनं उभी बघितली, अण्णा. पळताना मी बघतोय. पाडव्याला गर्दीत पाय मुडपला तर तुमच्या अंगावर येईल."

"म्हस लंगडत न्हाय."

"मग काय नाचतीया?"

पोराचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, त्या सगरात म्हशीला दावं नसतं. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं दामटतो आणि ती त्या आवाजामागं भर गर्दीतनं धावते. रतन सहा पाडवे हंबीररावच्या गाडीमागं धावली. दुसरा कुणी गाडीवर बसला तर ती शेपूटसुद्धा हलवत नाही. ती विकली की हंबीररावचा पाडवा संपला, आणि पाडवा संपला की त्याला वर्षभर बोलायला काय उरणार, हा माझाही प्रश्न आहे. चाळीस वर्षं मी ते बोलणं ऐकतोय.

"कुतूब शिकलगार, तू सांग," हंबीरराव मला म्हणाला. "तुझं कान तिखट. लंगडती काय ही?"

मी सकाळी तिला बोळातनं येताना ऐकली होती. हंबीरराव पुढं, ती मागं. पावलं सरळ पडत होती, मधेच एक उशिरा, की परत सरळ. अडखळ होती. पण मित्राच्या तोंडावर, पोरासमोर, ग्लास हातात असताना ते कसं म्हणणार?

"कानाचं कोण ऐकतंय?" मी म्हणालो. "फोटो काढू. फोटोत दिसंल ते दोघांनी मानायचं."

दोघंही "व्हय" म्हणाले. मला मनातनं बरं वाटलं, कारण मला म्हस हवीच होती. का, ते उद्या-परवा लिहितो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सगराच्या मंडळाची पोरं आमच्या फोटो-फ्लेक्सच्या दुकानात आली होती. त्यांना फ्लेक्सचा सेल्फी पॉइंट हवाय. मी म्हणालो, सेल्फी पॉइंट गेल्या वर्षी झाला, त्याच्या आदल्या वर्षीही झाला. यंदा मी तुम्हाला फिरता डबा देतो.

माझ्या पोरानं, आरिफनं, मला एकदा मोबाईलवर दाखवलं होतं. दीडशे वर्षांमागं परदेशात एका फोटोग्राफरनं ओळीनं कॅमेरे मांडून पळत्या घोड्याचे फोटो काढले. तसे फोटो लांब पट्टीवर छापायचे, पट्टी एका गोल डब्यात आतनं लावायची, डब्याला वरच्या अंगाला फटी पाडायच्या आणि डबा गरगर फिरवायचा. फटीतनं बघितलं की घोडा पळतो. सिनेमा यायच्या आधी लोक असं बघायचे. आमच्या चक्रात घोड्याच्या जागी म्हस. पोरांना पटलं की नाही कोण जाणे. "रील व्हायला पायजे, चाचा," एवढं म्हणून गेली.

दुकान आता आरिफचं आहे. मी येऊन बसतो, ते त्याला फारसं आवडत नसावं. "अब्बा, मोबाईलवर स्लो मोशन होतंय, कशाला एवढं?" म्हणाला. मी म्हणालो, मोबाईल एका जागी उभा राहून मान फिरवतो. मला प्रत्येक फोटो समोरनं, एका रेषेत पाहिजे. लग्नाच्या धंद्यातले जुने कॅमेरे कपाटात पडलेत, बारा निघाले.

डबा गोडेतेलाचा. बायकोनं, बिबीजाननं, कापलेला पत्रा बघितला आणि म्हणाली, "लोकं निवृत्त झाली की चार देश बघून येत्यात. तुम्ही माझे डबे कापा."

२१ सप्टेंबर, रविवार

सगळं फसलं.

हंबीररावच्या गोठ्यामागं नदीकडं जाणारी पाणंद आहे. उसाच्या कडेनं पांढरा पडदा लावला, म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स उलटा करून बांधला. ऊन मागनं आलं तशी साहेबांची हात जोडलेली सावली पडद्यावर उमटली. ऊन सरकेपर्यंत थांबलो.

समोर बारा कॅमेरे. प्रत्येकाच्या बटणाला मासे धरायची तंगूस बांधून ती वाटेवर आडवी ताणली. म्हस पळत आली की तंगूस तुटणार, कॅमेरा उडणार, म्हणजे फोटो निघणार. त्या परदेशी माणसानंही दोऱ्याच वापरल्या होत्या म्हणे.

त्याचा घोडा मोटारसायकलच्या मागनं पळत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. हंबीररावनं गाडी सोडली आणि पुढच्या चाकानं बाराच्या बारा दोऱ्या तोडल्या. रतन आली तेव्हा कॅमेऱ्यांचं काम उरकलं होतं. तिनं एक तुटकी तंगूस हुंगली आणि चघळायला लागली. आरिफनं ती तिच्या तोंडातनं ओढून काढली.

"झालं काय?" हंबीररावनं विचारलं. दोनदा विचारलं, पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही. मला, म्हणजे बघा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कॅमेरे रिकामे केले. बाराही फोटो हंबीररावचे. आरिफ पोट धरून हसला.

"काकांचा डबा करूया, अब्बा. म्हस राहू दे."

फोटो स्वच्छ आलेत. पण धंद्याच्या नजरेनं बघितले तर उपयोगाचे नाहीत, सगळ्यांत चेहरा एकच. मागं पाचशे किलोचं जनावर धावत येतंय आणि ह्याच्या तोंडावरची रेघ हलत नाही. असा चेहरा नवरीच्या बापाचा असतो, पंगत उठायच्या वेळी. पूर्वी रतन मागं लागली की हा खिदळायचा, दोन गल्ल्या ऐकू जाईल असा ओरडायचा. आवाजही बसलाय हल्ली. तंबाखू सोडल्यापासनं असं झालंय, असं तो सांगतो. सोडू नये माणसानं काही एकदम.

आरिफला म्हणालो, दोऱ्या नकोत. कॅमेरे एकामागनं एक आपोआप उडतील असं काही कर. त्यानं फटाक्यांच्या कार्यक्रमाला वापरतात तसली पेटी आणतो म्हटलं. बटण आपण दाबायचं, पुढचं पेटी बघते.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जमलं. हंबीरराव गाडीवर, सायलेन्सर काढलेला, त्यामागं रतन. आरिफनं पेटीचं बटण दाबलं आणि कॅमेरे टकटक करत उडत गेले. तीन वेळा पळवली.

मी पडद्याच्या टोकाला उभा राहून फक्त ऐकत होतो. तिन्ही वेळा अडखळ आली. गाडीचा आवाजही मधेच बसत होता, म्हणजे चढता चढता घसा धरल्यासारखा. हंबीररावला म्हणालो, "कार्बोरेटर साफ करून घे."

"घेतो," म्हणाला. गाडी स्टँडला लावायला त्याला दोनदा जोर करावा लागला. सम्राट पुढं झाला तर "सोड" म्हणाला.

सम्राट माझ्याजवळ आला. "चाचा, ऐकलं न्हवं? आता तरी म्हणा."

"फोटोत बघू," मी म्हणालो.

रतन एवढी पळून शांत उभी होती, हंबीररावच्या खांद्याजवळ तोंड घेऊन. त्याला घाम आला होता. तिला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

तिसऱ्या फेरीचे फोटो चांगले आले. कॉम्प्युटरवर बसलो. आरिफ म्हणाला, तुम्ही उठा, मी करतो. मी म्हणालो, हे काम मी तुझ्या जन्माआधी ब्लेडनं करत होतो.

फोटोत पुढं गाडी, गाडीवर हंबीरराव, मागं रतन. चक्रात लोकांना म्हस बघायचीय. गाडी असली की नजर तिकडं जाते, शिवाय पट्टी लांब होते आणि म्हस बारीक दिसते. तेव्हा बाराही फोटोंतनं गाडी आणि माणूस काढला आणि मागं पांढरा पडदा भरला. हे आमचं रोजचं आहे. कुणी पक्ष बदलला की फ्लेक्सवरनं त्याला काढायचं आणि तिथं झाड लावायचं. लग्नाच्या अल्बममधनं रुसलेला मावसा काढायचा. नको तो माणूस असा गेला पाहिजे की तो होता हे आईलाही कळू नये. ह्या हातावर मी घर बांधलंय.

पट्टी छापली, डब्यात लावली, डबा सायकलच्या हबवर बसवला. फिरवला आणि फटीला डोळा लावला.

रतन पळाली. इतक्या वर्षांत इतकं साधं आणि इतकं चांगलं काम माझ्या हातनं झालं नव्हतं. शिंगं मागं, मान पुढं, पोटाखालनं पाय जातात-येतात.

आणि एका जागी पुढचा पाय खाली यायचा थांबतो. डबा फिरतोय तोवर दर फेरीला थांबतो. लपण्यासारखं काही नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सोनं द्यायला हंबीरराव आणि सम्राट दुकानावर आले. डबा टेबलावरच होता. सम्राटनं फिरवला, बघितलं, परत फिरवला.

"अण्णा, हे बघा. चाचांच्या डब्यात बी लंगडतीया."

हंबीरराव खाली वाकला. फटीतनं बराच वेळ बघत होता. मग सरळ झाला.

"गाडी कुठं गेली?"

"काढली," मी म्हणालो. "मधे येत होती."

"बरं केलंस," म्हणाला.

कामाची तारीफ त्यानं आजवर कधी केलेली नाही, म्हणून मी लिहून ठेवतोय. नाहीतर लग्नाचे फोटो बघून "ह्यात माझं नाक कुणी लांबवलं" म्हणणारा माणूस आहे.

सम्राटनं तिथंच फोन लावला. राधानगरीकडचं गिऱ्हाईक आहे, दुधाला घेणार, पळवणार नाही. सोमवारी तेरा तारखेला वडगावच्या बाजारात द्यायची ठरली. मी हंबीररावकडं बघितलं. आता भांडेल, शिव्या देईल म्हणून थांबलो. त्यानं आपट्याचं पान खिशात घातलं, एवढंच. चालताना उजवी चप्पल घासत गेला. अंगठा तुटला असेल.

शब्द दोघांनीही दिला होता, फोटोत दिसेल ते मानायचं. तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. मुलगी बघायला आलेल्यांनी फोटो बघूनच उठून जावं, तसं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कामिलच्या गॅरेजवर स्कूटरला हवा भरायला थांबलो, तर हंबीररावची गाडी उभी. मी म्हणालो, "कार्बोरेटरमधे कचरा होता ना?"

"कसला कचरा, चाचा? गाडी घड्याळागत चालतीया. मी स्वतः घाटापतूर पळवली."

"मी ऐकलंय, मधे आवाज बसतो."

"काकांच्या हातात बसत असंल," कामिल म्हणाला. "माझ्या हातात न्हाय बसला."

मी हवा न भरताच निघालो. वाटेत रंकाळ्यापर्यंत कुठं हॉर्न वाजला, काही ऐकू आलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मूळ फोटो कॉम्प्युटरवर काढून ओळीनं लावले, गाडीसकट.

फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायला लोखंडी रिंगा असतात, सारख्या अंतरावर ठोकलेल्या. पडदा उलटा असला तरी त्या दिसतात. पुढचं चाक कुठल्या रिंगेसमोर आहे ते एकेका फोटोत बघत गेलो. गाडी सारख्या अंतरानं सरकत येते. मग मधेच, दोन फोटोंत जेवढी सरकायला पाहिजे त्याच्या निम्मीच सरकते. त्या फोटोत रतनचे पाय अजून ठीक आहेत. फक्त तिची मान वळलीय, हंबीररावच्या हाताकडं. त्याच्या पुढच्या फोटोत तिनं पाय अडवलाय. नाहीतर तिचं नाक त्याच्या पाठीत बसलं असतं.

बाकीच्या दोन फेऱ्या काढल्या. तेच. आधी गाडी, मग म्हस.

पहिल्या दिवशी बोळातनं चालत येतानासुद्धा तो पुढं आणि ती मागं होती.

म्हस चांगली आहे. तिला लंगडी मी केली, माऊसनं. आणि खरं सांगायचं तर हंबीररावचा हात रेसच्या मुठीवर टिकत नाही, म्हणून गाडी मधेच मंदावते. आधीच्या फसलेल्या बारा फोटोंत आता मुठीकडं बघतोय, तर बोटं दांड्याला नुसती टेकलेली. वयाचं असेल. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, पण मी दुधाच्या धारा काढत नाही.

दुसरी पट्टी छापली. ह्यात सगळं ठेवलंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पट्टी दोन दिवस ड्रॉवरमधे पडलीय. सोमवारी बाजार.

आरिफ म्हणतो, "सम्राटला बोलवा, दाखवा, विषय संपला. म्हस वाचती."

म्हस वाचते, पण गाडी जाते. सगरात मालकाच्या हाताला दम नाही असं एकदा गंगावेशीत पसरलं की कट्ट्यावर त्याला बसायला जागा देतील, ऐकायला कान देणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर रतन राधानगरीच्या पावसात जाऊन उभी राहील, लंगडी म्हणून. दोन्हींतलं काय त्याला जास्त लागेल ते मला ठरवता येईना. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते मी दारातनं आत येतानाच ओळखतो. इथं ओळखता आलं नाही.

जेवताना बिबीजानला सांगितलं. ती म्हणाली, "बापाचं आधी पोराला सांगणार? हात त्यांचा, म्हस त्यांची. त्यांनाच दाखवा."

"आणि तो म्हणाला फाडून टाक, तर?"

"तर फाडा. तुम्ही कोण?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज करून डबा पिशवीत घेऊन गोठ्यावर गेलो. सम्राट डेअरीला गेला होता. हंबीरराव रतनचं अंग घासत होता. घासणं म्हणजे, एका जागी हात ठेवून उभा होता. ती आपणच अंग पुढं-मागं करत होती.

"डबा आणलायस? बघितला की मी."

"ही दुसरी पट्टी हाय."

त्यानं डबा फिरवायला घेतला. हळू फिरला, त्यामुळं चित्रं सुटी सुटी दिसली. "फिरव की तू," म्हणाला. मी फिरवला. तो बघत राहिला. डबा थांबला की म्हणायचा, "परत." मी किती वेळा फिरवला ते मोजलं नाही.

"म्हंजे हिला ठावं होतं," शेवटी म्हणाला.

"कशाचं?"

"मला वाटलं मलाच ठावं हाय. गणपतीच्या आधीपासनं हात येत न्हाय. मी म्हणतो आवळ, त्यो म्हणतो थांब जरा." त्यानं हात वर धरून बघितला, दुसऱ्याचा असावा तसा. "घरात कुणाला बोललो न्हाय. बोललो तर आधी गाडी काढून घेत्यात, मग बादली."

"मग म्हस विकायला निघाला, तेव्हा तरी बोलायचं."

"म्हणत हुतो की. लंगडत न्हाय, लंगडत न्हाय."

"का लंगडत नाही ते सांगायचं होतंस."

"तू डब्यातनं मला काढलास, मला वाटलं बरं झालं. कुतूबनं बघितलं, झाकलं. दोस्त हाय."

मला खरं सांगता आलं असतं, की मी झाकलं नव्हतं, मला तू मधे येत होतास. सांगितलं नाही.

मी विचारलं, "ह्या पट्टीचं काय करू? सांगशील तसं. फाडू?"

त्यानं पट्टी डब्यातनं काढून मागितली. चौघडी करून बंडीच्या खिशात घालायला लागला. खिसा सापडेना. मी धरला. तेवढ्यात सम्राटच्या टेम्पोचा आवाज वळणावर आला, तो मला आधी ऐकू आला. मी रिकामा डबा पिशवीत टाकला.

"चहा न पिता चाललास?" हंबीरराव म्हणाला. मी म्हणालो दुकानात काम आहे. काम नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल दिवसभर काही कळलं नाही. कट्ट्यावर सम्राट धार काढत होता, रतन खुंट्याला होती. सोमवारच्या बाजाराला टेम्पो सांगितलाय का, हे विचारायला तोंड उघडलं आणि दूध पिऊन आलो.

आज दुपारी सम्राट दुकानात आला. हातात गाडीची किल्ली. काउंटरवर ठेवली.

"ही तुमच्याकडं ठेवा, चाचा. घरात ठेवली तर अण्णा शोधतील."

"काय झालं?"

"रात्री जेवताना ताटाशेजारी पट्टी पसरली. म्हणाले, बघ. मला डब्याबिगर काय कळंना. मग एकेक फोटो बोटानं दाखवला. हितं हात सुटला. हितं हिनं बघितलं. हितं हिनं पाय धरला." सम्राट फळीवरच्या ट्रॉफ्या वाचत होता, आमच्या नाहीत, छापायला आलेल्या. "मी म्हटलं, अण्णा, आधी का न्हाय बोलला? तर म्हणाले, तुला म्हशीचं दिसत हुतं, माझं दिसत न्हवतं, बरं चाललंतं."

"आणि बाजार?"

"फोन केला. न्हाय म्हणून सांगितलं. शिव्या खाल्ल्या त्याच्या." मग म्हणाला, "किल्ली मागितली तर भांडले न्हाईत, चाचा. सरळ दिली. भांडायला पायजे हुतं."

मी किल्ली गल्ल्यात ठेवली. आरिफ आत मशीनवर होता, त्यानं मशीन बंद केलं होतं. ऐकत होता बहुतेक. कान माझ्यावर गेलेत.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

पंचगंगेच्या वाटेवर मंडळानं आम्हाला टेबलाची जागा दिली. डबा मांडला. पोरं आधी मोबाईल लावून फटीतनं शूटिंग करायला बघत होती, नीट येईना, मग डोळा लावायला लागली. मोना, सम्राटची बायको, लाईन लावायला उभी होती. कुठली पट्टी लावायची ते मी हंबीररावलाच विचारलं होतं. "गाडीची लाव. नुसत्या म्हशीला काय बघायचं?" म्हणाला. लोकांनी बघितली. त्यांना गाडीमागं पळणारी म्हस दिसली. त्यापुढं कुणी काही विचारलं नाही.

सगर सुरू झाला. गाड्यांनी कान किटले. शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, पाठीवर नक्षी कातरलेली. एकामागनं एक म्हशी धावत गेल्या. मग मधे मोकळी जागा पडली आणि हंबीरराव आला, चालत. पिवळा फेटा, मागं हात बांधलेले. मागं रतन, दाव्याविना, शिंगांवर मोरपिसं. सम्राट कडेनं.

माइकवरचा म्हणाला, "ही कुणाची म्हस, गाडीबिगर?"

हंबीरराव काहीतरी बोलला. कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी टेबलावरनं ओरडून सांगितलं, "पेट्रोल संपलं म्हणतोय!"

गर्दी हसली. तोही हसला असेल. चेहऱ्यावरनं कळत नाही हल्ली.

घाटापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. मागच्या गाड्या खोळंबल्या, रेस मारत राहिल्या. कुणी हॉर्न दिला नाही, ह्याचं मला नवल वाटतं. नंबर अर्थात मिळाला नाही. हंबीरराव म्हणाला, नंबर देणाऱ्यानं नक्षी बघितलीच न्हाय.

२ नोव्हेंबर, रविवार

सम्राट बापाला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला होता. डॉक्टरनं कंपवात म्हटलंय. मला पटत नाही. कंप असेल तर हात थरथरायला पाहिजे. ह्याचा हात तर जागचा हलत नाही. औषध चालू केलंय, उतरेल. चालतो कसा ते घरच्या जागेत बघायचंय म्हणून डॉक्टरनं व्हिडिओ मागितला. सम्राट म्हणाला, "चाचा, तुमचं कॅमेरं लावू. त्यात नीट दिसतंय."

म्हणून सकाळी पाणंदीत पुन्हा पडदा बांधला. ऊस आता फ्लेक्सच्या वर गेलाय. आरिफनं पेटी जोडली, ह्या वेळेस सावकाश उडतील अशी.

"मला बी झूल घालणार काय?" हंबीरराव म्हणाला. "शिंगं रंगवा."

"सरळ चाल," मी म्हणालो. "कॅमेऱ्याकडं बघू नको."

"लग्नात बी असंच म्हणालतास. बघितलं म्हणून बायको रुसली."

एकटा चालेना. दोन पावलं टाकायचा आणि मागं वळायचा. शेवटी सम्राटनं रतनला सोडून आणलं. ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली, तेव्हा निघाला. आरिफनं बटण दाबलं.

फोटो आत्ता समोर आहेत. तो चालतोय, एक हात हलतोय, एक अंगाला चिकटलेला. मागं ती. मग एका फोटोत दोघं थांबलेत, पुढच्याही फोटोत तिथंच. त्याचं डोकं पायाकडं वाकलेलं. तिथं असताना मी विचारलं होतं, काय झालं? म्हणाला, "पाय ऐकंना. थांब, ऐकंल." रतन मागं उभी होती. तिनं त्याला ढकललं नाही, बाजूनं पुढंही गेली नाही.

पेटीला हे काय कळणार? ती आपल्या वेळेनं पुढचे कॅमेरे उडवत गेली. तो तिथवर पोचलाच नाही, म्हणून शेवटच्या तीन फोटोंत नुसता पांढरा पडदा आलाय.

आरिफ म्हणाला, "तीन फुकट गेले, अब्बा. त्यांना कापतो, नऊचीच पट्टी करू."

मी म्हणालो, डॉक्टरला बाराही दे.